सात हजार किलोमीटर, थेट

बबडे,

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आई, तू येऊ नकोस. खूप लांब आहे, तुला झेपणार नाही." तेवढ्यात मागून जावईबापूंचा आवाज आला, "पुरे झालं, ठेव आता." तू वाक्य अर्धंच सोडून फोन ठेवलास. त्याआधी मी काही विचारलेलं नसताना तू सारखी म्हणत होतीस, सगळं ठीक आहे.

दुसऱ्याच दिवशी शिवणाचं दुकान बंद ठेवून, तू मागे काढायला लावलेला पासपोर्ट-व्हिसा घेऊन मी तिकीटवाल्या बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "सात हजार किलोमीटर आहे, काकू. थेट विमानाने नऊ तास, मधे बदललंत तर चौदा. इतका वेळ बसवेल तुम्हाला?"

मी म्हटलं, "अहो, जन्मभर शिलाई मशीनवर बसतेय. तिथे तर वर पायही मारावे लागतात. थेटच द्या."

भीती वाटते गं. विमान मी आजवर खालूनच पाहिलंय. पण तुझा तो दबका आवाज काही केल्या कानातून जात नाही.

हे पत्र मी टाकणार नाही, कारण तुझी पत्रं आधी जावईबापूच उघडतात. शुक्रवारी सकाळी मीच दारात उभी असेन. त्यांनी कितीही आठ्या घातल्या, तरी बॅग आत ठेवणार.

येतानाचं तिकीट एक काढलंय, परतीची दोन. दुसऱ्यावर तुझं नाव आहे. ते वापरायचं की नाही, हे तू एकटीने ठरवायचंस. तुझं ठरेपर्यंत मी तिथून हलणार नाही.

निघालेली,
तुझी आई