रिकामी सम

१८ जाने.
कणीक तीनदा मळली. पहिली सैल, दुसरी दगड. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक कानाच्या पाळीइतकी मऊ हवी, असं अप्पा सांगायचे. अजून दरवेळी पाळी चाचपून बघते. भजनाच्या तालमीत माझा चुलतभाऊ सुधादादा पेटीवरून ओरडला, "पोळ्या करायच्यात काय गो?" अख्खा कोरस हसला. मीही हसले. मी का हसले?

२० जाने.
लोकल चॅनेलवर दादाची मुलाखत. शीर्षक : डबलबारीचा नवा आवाज. दोन मंडळांचे बुवा समोरासमोर भजनात भिडतात, त्यात म्हणे हाच नवा.
"बुवा, तो गाजलेला गजर सुचला कसा?"
"देवाने दिला. गाडी चालवता चालवता."
गाडी! मी चौथीत असताना अप्पांनी तो गजर बांधला. माझ्या मांडीवर थाप मारून मारून शिकवला. दादा तेव्हा मुंबईला होता. दोन वर्षांपूर्वी अप्पांना लकवा झाला, गळा आणि उजवा हात गेला, तेव्हा भजनी मंडळ या पुतण्याच्या हाती दिलं. गजर दिला नव्हता.
अप्पा शेजारीच बसून बघत होते. डावा हात चादरीवर फिरत होता. मी टीव्ही बंद केला. त्यांना विचारून बंद करायला हवा होता.
आई : "घरचाच आहे तो. कशाला वाढवायचं?"
वाढवणार. फेडून घेणार. माइकवर, चारचौघांत, त्याच्याच तोंडून अप्पांचं नाव.

२३ जाने.
पखवाजाचे व्हिडिओ बघता बघता भलताच एक आपोआप सुरू झाला. परदेशातली जुनी मैफल, काळी-पांढरी. जॅझ म्हणतात याला. चौघे जण, कोट-टाय, घामाने निथळतायत. सॅक्सोफोन, पियानो, माणसाएवढं उभं व्हायोलिन आणि ड्रमवाला. बंद करणार होते. चारदा बघितला.
ड्रमवाला कधी हसत नाही. नजर सतत बाकीच्यांच्या हातांवर. हातातल्या काठ्यांकडे एकदाही नाही. त्याचं नाव पाठ केलं, पण इथे टायवालाच लिहीन. माझा आहे तो.

२४ जाने.
कामावर, रक्त तपासायच्या लॅबमध्ये, डबा खाताना पुन्हा तोच. सातव्या मिनिटाला पियानोवाला रंगात आलेला, आणि टायवाला मान वर करतो, त्याच्याकडे एकदा बघतो आणि थांबतो. काठ्या मांडीवर. पियानो एकटा. पडत नाही! ताल कुणी वाजवत नाही तरी खोलीत आहे, भिंतींना चिकटल्यासारखा. मग टायवाला असा परत येतो की... अंगावर काटा. जेवण तसंच राहिलं. नंतर सगळ्या बाटल्यांची लेबलं पुन्हा तपासली, घोटाळा नको.

२६ जाने.
अप्पांना दाखवला. आईला वाटलं, दमतील. डोळे मिटून ऐकत होते. टायवाला थांबला, तर अप्पांचा डावा हात मांडीवर सुरूच. बरोब्बर समेला थाप, आणि त्याच क्षणी टायवाला परत. अप्पा हसले. लकव्यानंतर तोंड एका बाजूनेच हसतं.

२८ जाने.
सुचलं. लिहायला भीती वाटते, पण लिहिते.
त्या गजरात समेवर कुणीच गात नाही. सम रिकामी सोडायची आणि शब्द पुढच्या मात्रेवर उचलायचा. दादाला ती मात्रा पोटातून येत नाही. माझ्या डाव्या हाताची थाप पडली की मग तो उचलतो. लोकांना कळत नाही. मला रोज कळतं.
हात उचलायचे. बस्स. मिरकरवाड्याच्या बारीत, समोरचे बुवा बघत असताना. नागडा पडेल.

३१ जाने.
झोप नीट नाही. हे पाप आहे का? आधी कणकेत मीठ घालून थाप बिघडवायचा विचार आला होता, तो टाकला. वाद्याशी बेइमानी नको. पण न वाजवणं म्हणजे चुकीचं वाजवणं नव्हे. टायवाल्याला कुणी बेइमान म्हणत नाही.
टायवाल्याच्या मनात मात्र सूड नव्हता. असो. माझ्या आहे.

२ फेब्रु.
मिरकरवाडा, संध्याकाळची बारी. बर्फाच्या कारखान्यापर्यंत माणसं. अप्पांना पुढच्या रांगेत खुर्ची.
गजर. तिसरं आवर्तन. दोन्ही हात उचलले.
दादाचं तोंड उघडं, शब्द नाही. पेटीवर बोटं चाचपडतायत. समोरचे बुवा पुढे झुकले. मागून कुणीतरी, "अरे, बुवा झोपले काय?" दादाने माझ्याकडे बघितलं. मी टायवाल्यासारखं बघितलं, न हसता. किती गोड वाटलं ते लिहिते, उद्या खोटं बोलायला नको.
मग त्याची नजर खाली पुढच्या रांगेत गेली. अप्पांचा डावा हात मांडीवर पडला. दादाने शब्द उचलला. एकटा, पखवाजाशिवाय, उघडा आवाज. आणि सुंदर. माझे हात आपोआप खाली आले, समेवर.
शिट्ट्या. समोरच्या बुवांनी उठून हात जोडले. दादाला!

३ फेब्रु.
माझ्या सूडातून त्याचं नाव झालं.
तो घरी आला, पेढे घेऊन. "काय जागा काढलीस गो! काळीज हातात आलं माझं. पूर्णगडच्या बारीला पण ठेवूया ती."
"कुणाचा हात बघून उचललास?"
"कुणाचा म्हणजे? माझा मीच."
अप्पा समोर बसलेले. त्यांना पेढा भरवला त्याने. पाया पडला. तेही मनापासून. त्याचाच जास्त राग येतोय.

६ फेब्रु.
व्हिडिओ पुन्हा, हळू करून. टायवाला थांबण्याआधी दर वेळी मान वर करतो. न सांगता थांबत नाही. मी मान वर केली नव्हती. सूडातसुद्धा रीत पाळायला हवी.

९ फेब्रु.
उद्या पूर्णगड. आई म्हणते, तेवढ्या प्रवासाला अप्पा नकोत. म्हणजे पुढच्या रांगेत हात नाही.
तालमीनंतर दादाला गाठलं. कणकेची बोटं ओढणीला पुसली.
"दादा, गजराआधी माइकवर सांग. चाल अप्पांची आहे."
"आता मधेच? लोक काय म्हणतील?"
"नाव आलं तर समेला परत येईन. नाही आलं तर हात वरच."
मग हसला. "धमकी देतेस काय गो?"
"नाही. मान वर केली."
त्याला कळलं नाही. पेटीचा भाता बंद करत म्हणाला, "बघू."
मीही म्हणाले, बघू.
कणकेसाठी पीठ चाळून ठेवलंय.