'करता येईल' आणि 'करावेच'

आई, तुझा भाऊ आता पेटंटवर बोलतो. तू असतीस तर आधी हसली असतीस, मग त्या शब्दाला मराठीत काय म्हणतात ते विचारलं असतंस. मी जिथं इंजिनिअर आहे ती चिकलठाण्याची छोटी कंपनी पाण्याच्या मीटरांवर काम करते. असं मीटर दिवसभर झोपतं, ठरल्या वेळी जागं होतं, मोबाईलच्या टॉवरकडून काही निरोप आहे का ते ऐकतं आणि पुन्हा झोपतं. म्हणून त्याची बॅटरी वर्षानुवर्षं टिकते. हे झोपणं-उठणं जमवण्याची एक पद्धत आम्ही शोधली आणि तिचं पेटंट घेतलं. जो ती वापरेल त्यानं आम्हाला रॉयल्टी द्यायची. मामांनी त्यात नोकरी सोडताना मिळालेले पैसे घातले ते माझ्याकडे बघून. एवढाच त्यांचा अभ्यास.

अडचण अशी, की अशा मीटरांसाठी नेटवर्कची दोन मानकं, म्हणजे नियमांचे दोन संच, आहेत आणि त्यांच्यात स्पर्धा आहे. पहिल्याच्या मजकुरात आमच्या पद्धतीपुढं 'करावेच' असं लिहिलेलं आहे. म्हणजे त्या मानकानं चालणारं कुठलंही मीटर आम्हाला चुकवू शकत नाही. दुसऱ्यात 'करता येईल' आहे. करता येतं ते टाळताही येतं, आणि मीटर बनवणारे सध्या दुसऱ्याकडेच वळताहेत. एका मोठ्या कंपनीनं आमचं पेटंट एकरकमी विकत मागितलं आहे. त्यात मामांनी घातलेलं जेमतेम परत येईल. विकायचं की रॉयल्टीची वाट बघायची, हे ठरवायला गुरुवारी सगळे गुंतवणूकदार बसले. दुसरं मानक मी वाचलेलं, म्हणून मलाही बोलावलं.

मामांना थांबायचं होतं. शहागंजात हार्डवेअरचं दुकान असलेल्या चाचांना विकायचं होतं.

"करता येईल म्हणजी करणारच की लोक," मामा म्हणाले. "सोय हाय तर कोण सोडंल?"

"अरे मियाँ, तुमच्या रानातून वाट जाती म्हणून तुम्ही टोल लावायला बसलात," चाचा म्हणाले. "लोकां बाजूच्या बांधावरून जाते ना!"

"बांधावर काटं हायत."

"टोल वाचत असंल तर काटे कोण बघतंय?"

सगळे हसले, मामासुद्धा. मग चाचा माझ्याकडे वळले. "बेटा, पुढं त्याचं 'करावेच' होणार का? हाँ या ना, एक बोलो."

बरोबर उत्तर मला माहीत होतं. तसा बदल मानक ठरवणाऱ्या समितीपुढं आलेला आहे, निर्णय झालेला नाही. मी तेवढंच सांगणार होते. त्याआधी मामा म्हणाले, "ती व्हयच म्हणंल. अक्काची लेक हाय, घरच्याचं वाईट नाय करायची."

मी म्हणाले, "होणार नाहीच."

मी सातवीत आहे. पिशोरच्या स्वयंपाकघरात दूध उतू गेलंय, शेगडीवरून ओट्यावर आलंय. तू भिंतीला टेकून चौथीच्या वह्या तपासतेस. मी म्हणते, "जाणारच होतं, पातेलं लहान आहे." तू मान वर करत नाहीस. "च काढ. मग सांग." मी म्हणते, "जाणार होतं." "अजून काढ." "मी बघत नव्हते." "हां. पूस आता." आवाज चढला नव्हता, पण मला दिवसभर जेवण गेलं नाही. पुढं हेच माझं काम झालं. एखाद्या कलमात 'च' आहे की नाही, हे ओळखण्याचा मला पगार मिळतो, आणि माझ्या अहवालात असा एकही शब्द नसतो ज्याला मजकुराचा आधार नाही.

गुरुवारी आधार नव्हता. मामांनी तुला साक्षीला उभं केलं, आणि मला फक्त त्यांना खोटं पाडायचं होतं. मामा चाचांना म्हणाले, "विकून टाका." गेटपाशी मोटारसायकलला किक मारताना मला म्हणाले, "तू नाहीच म्हणलीस ना पोरी, मग संपलं. तुला कळतंय त्यातलं." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

सोमवारी सह्या आहेत. समिती काय ठरवील मला माहीत नाही. कदाचित चाचांचंच खरं होईल. पण मामा सही करतील ती माझ्या वाचनावर विसंबून, आणि मी दिलेलं उत्तर वाचनातून आलेलं नव्हतं. हे त्यांना सांगायला एक फोन पुरे आहे. ते पहिल्या रिंगला उचलतात. तो फोन न करता मी शुक्रवारपासून हे लिहिते आहे. पत्र वहीतच राहील. तू गेल्यापासून अकरा वर्षांत तुला एकदाही लिहिलं नव्हतं. आज लिहिलं, कारण तुला सांगितल्यानं कुणाचीही सही थांबत नाही.