कपाळावरचा पुरावा

श्रीवर्धन, १२ मार्च १९५९

प्रिय तुळशी,

हे पत्र एकटी बसून वाच. तुला शाळेत घालावं म्हणून मी बाबांशी भांडलो होतो. तेव्हा त्यांचं ऐकलं असतं तर आज तुला लिहिण्याची सोयच उरली नसती, आणि मी सुटलो असतो.

परवाची कोर्टातली तारीख डोळ्यांपुढून हलत नाही. गस्तीच्या लाँचवरून गोळी सुटली ती हवेत सुटली, आणि तुझा कान्हा पोहत जाऊन चोरटं सोनं घेऊन आखातात पळाला, हे सरकारचं म्हणणं आपण तीन वर्षं ऐकतोय. पण त्या सरकारी वकिलाने तुझ्या कपाळाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, नवरा मेला म्हणता, मग हे कुंकू कुणाच्या नावाचं? सगळं कोर्ट हसलं. तू म्हणालीस, "कुकू माज्या कपालाव हाय, सरकारच्या नाय." माझी बहीण शोभलीस. पण आपल्या वकिलांचा चेहरा तिथेच पडला.

समुद्राने नेलेल्याचं प्रेत हाती लागेपर्यंत बायकोने कुंकू पुसायचं नाही, ही आपल्या कोळीवाड्याची रीत. त्या काळ्या कोटाला ती कोण सांगणार? तुझी सासू, सोनूबाई, अजून रोज कान्हाचं ताट वाढते. रेवदंड्याला येतो तेव्हा त्या ताटाशेजारी मी जेवतो. घास कसा उतरतो ते मलाच ठाऊक. प्रत्येक तारखेला तुझ्यासोबत येतो म्हणून लोक म्हणतात, भाऊ असावा तर असा. म्हणोत बापडे.

आता नीट ऐक. त्या वैशाखात तुम्ही चार दिवस कान्हाला पोलिसांच्या कोठड्यांत शोधत होता, तेव्हा मला इकडे काहीच ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी पहाटे माझ्या जाळ्यात प्रेत आलं. असं आलं की आपण काय करतो, तुला माहीत आहे. तोंड बघायचं नाही, नारळ सोडायचा आणि पाण्याचं पाण्याला द्यायचं. पोलिसांना कळवलं की पंचनामा होतो आणि होडी किनाऱ्याला अडकून पडते. हंगामाचे शेवटचे दिवस होते. होडीवर सोबत असलेला येसाजी म्हणाला, "सोड रं दादा, कुनाचा का असंना." मी सोडलं. पालथंच होतं ते. पाठीत सुपारीएवढं भोक होतं. मी म्हटलं, माशांनी खाल्लं असेल.

दुपारी जाळं वाळत घालताना आसाच्या दोऱ्यांत ताईत अडकलेला सापडला. चांदीचा, मागे कान्हाचं नाव कोरलेला. तुझ्या लग्नात मीच त्याच्या गळ्यात घातला होता. संध्याकाळी तुझा निरोप आला, कान्हाचा पत्ता नाही. मी होडी घेऊन पुन्हा गेलो गं, दोन दिवस शोधलं. समुद्र एकदा परत देतो, दुसऱ्यांदा देत नाही. मग तुझ्यापुढे तोंड उघडायची हिंमत झाली नाही. सरकारने त्याला एकदा मारलं, मी त्याला दुसऱ्यांदा बुडवलं.

पुढच्या तारखेला मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहणार आहे. ताईत दाखवीन, पाठीतलं भोक सांगेन. येसाजीही यायला कबूल झालाय. प्रेत लपवलं म्हणून मला आत टाकतील, टाकोत. सरकारवरचा दावा तू बहुतेक जिंकशील. त्यानंतर मला दादा म्हणू नकोस. पण तो वकील पुन्हा तुझ्या कपाळाकडे बोट करील आणि माझी साक्ष ऐकून तिथेच, त्या हसणाऱ्या माणसांपुढे तुला कुंकू पुसावं लागेल, हे मला बघवणार नाही. एवढ्याचसाठी लिहिलं. सोनूबाईंना जवळ घे, ताट उचल, आणि येताना कुंकू घरीच पुसून ये.

तुझाच,
अनंतादादा