मामीसाठी फॅन फिक्शन

चि. ठकूस, मामाचे पोतंभर आशीर्वाद. तुझा खोकला एव्हाना थांबला असेल. नसेल तर तो वाचनालयातल्या धुळीचा. पुस्तकांना बोल लावू नकोस. माझं चष्म्याचं दुकान डोळे किलकिले करत का होईना, चालू आहे.

पत्र लिहितोय ते तुझे आभार मानायला. तुझ्या मामीचं खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला दोनच आधार होते, वॉकर आणि संध्याकाळची मालिका. ती मालिका कप्तानाचं जहाज बुडत असतानाच बंद पडली आणि मामीने वॉकरकडे बघणंच सोडलं. "आता उठू तरी कशासाठी?" असं तिने विचारलं. (मी 'चहासाठी' म्हणालो, ही माझी अक्कल.) तू फोनवर म्हणालीस, "मामा, तिच्यासाठी फॅन फिक्शन लिही!" आणि घाईत फोन ठेवलास. फॅन म्हणजे पंखा, एवढं इंग्रजी मला येतं. मी आमच्या छताच्या पंख्यावर भलीमोठी करुण कथा लिहिली. मामीने ती शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाली, "तेल घाला त्याला."

मग तू नीट समजावलंस. फॅन म्हणजे चाहता. आवडत्या गोष्टीतली माणसं घ्यायची आणि पुढचं आपण लिहायचं. पैशासाठी नव्हे, तर राहवत नाही म्हणून. (मी याला आजवर चोंबडेपणा समजत होतो.) मी कप्तानाला एका फळीवर तरंगत ठेवला आणि जाहीर केलं, पुढचा भाग स्वयंपाकघरातच वाचला जाईल. मामी आली गं! वॉकर घट्ट धरून, घामाघूम होऊन, दारापर्यंत. मला पहिलं वाक्य वाचताना अक्षरं दिसेनात, आणि मी चष्मेवाला! आता ती वॉकरशिवाय टेबलापर्यंत येते. ठकू, तुझे हे उपकार कसे फेडू?

तुझा,
मामा

ता.क. मामीला कप्तानाचं लग्न मालिकेतल्या डॉक्टरणीशी लावायचं होतं. मी त्याला परत समुद्रावर धाडला.

आणखी एक ता.क. तिने पेन हिसकावून स्वतःचा भाग लिहिलाय. त्यात एका आगाऊ चष्मेवाल्याला शार्क खातो. कालपासून आमचा अबोला आहे. रविवारी येऊन समेट घडव. पण घाई नको. रागाच्या भरात ती घरभर चालतेय.