रंगीची खरूज

पिंपळनेर, १४ नोव्हेंबर १९५६

रंगीच्या कानांच्या कडांवरचे केस गेले. वर पांढरट खपली, कोपरांवरही तेच. सारखी खाजवते. भिंतीला अंग घासते, कण्हते, पुन्हा खाजवते. जेवण निम्मं टाकलं.

घरमालकीण बेबाअक्का दारातूनच म्हणाली, "बाई, तुनी कुत्रीले घरमा घेऊ नको." दीड वर्ष तिच्या पडवीच्या खोलीत राहतेय. इतकं तुटक कधी बोलली नव्हती.

१७ नोव्हेंबर

शाळेचा शिपाई मानसिंग म्हणतो, मोटारीचं जळकं तेल चोपडा. नको म्हटलं. खोबरेल लावलं. फरक शून्य.

१९ नोव्हेंबर

माझ्या मनगटावर लाल पुटकुळ्या.

२० नोव्हेंबर

पोटावरही.

ट्रेनिंगला असताना आमच्यातल्या एका बाईंच्या दंडावर डाग दिसला होता. महारोग! दुपारपर्यंत त्यांची खोली रिकामी. गादी मागच्या अंगणात जाळली. आम्ही सगळ्या खिडकीतून बघत होतो. मीही. जाताना एकदा वर बघितलं त्यांनी, आणि आम्ही खिडकी लावून घेतली.

लांब बाह्यांचं पोलकं घालून शाळेत गेले. चौथीच्या मुली वह्या घेऊन जवळ येतात. टेबलावर ठेवा, लांब उभ्या राहा, म्हणाले. मुली गोंधळल्या.

२२ नोव्हेंबर

मनगटावर सुई टोचून पाहिली. दुखलं. दुखणं चांगलं की वाईट? कुणाला विचारू! आईला पत्र लिहिलं आणि फाडलं.

२५ नोव्हेंबर, रविवार



दुपारी नदीवरून धुणं घेऊन आले तर रंगी अंगणात आडवी. चारी पाय ताठ, झटके, तोंडाला फेस. अक्का दारात उभी राहून ओरडतेय — "पिसाळनी! कुत्री पिसाळनी!" शेजारचा झुलालभाऊ काठी घेऊन धावत आला. मी मधे पडले. "बाजूले व्हय बाई, चावी जाई!" तो काठी खाली घेईना.

तेवढ्यात मानसिंग रडकुंडीला येऊन पुढं झाला. "बाई, मीच टाकी पावडर. कपाशीनी कीड मरस ना, तशी हिनीबी मरी..." कपाशीवर मारायची विषारी पावडर! बिचाऱ्यानं चांगल्यासाठीच अंगभर चोळली, आणि ती चाटत बसली.

रंगीचं तोंड फडक्यानं बांधलं. साबण, पाणी, पुन्हा साबण. मानसिंग घागरी आणत होता. झुलालभाऊ काठी घेऊन तसाच उभा. संध्याकाळी झटके थांबले.

जाताना झुलालभाऊ म्हणाला, "परत आशी दिसनी ते इचारणार नही."

२६ नोव्हेंबर

रंगीनं दूध घेतलं. उभी राहते, पण मागचे पाय लटपटतात. खोलीत बांधून ठेवलीय. साक्रीचे गुरांचे डॉक्टर शुक्रवारी बाजारात बसतात. चार दिवस! पुटकुळ्या कोपरापर्यंत आल्या.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

रंगीला पोत्यात गुंडाळून नेलं. डॉक्टर निकुंभ, वयस्क, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. रंगीच्या कानाची कड दोन बोटांत धरून चोळली — तिचा मागचा पाय आपोआप खाजवायला लागला! "हे पाहिलंत? बहुतेक खरूजच."

मग बोथट सुरीला तेल लावून खपलीच्या कडेला खरवडलं, रक्ताचे ठिपके येईपर्यंत. ते काचेवर घेतलं. गुरांचं रक्त तपासायला सूक्ष्मदर्शक आणला होता, त्यात मला बघायला लावलं. गोल, आखूड पायांचं काहीतरी. हलत होतं!

"पिसाळण्याशी याचा काही संबंध नाही. केस कापा. कोमट पाण्यानं धुऊन गंधकाचं मलम. महिनाभर तरी, मधेच सोडायचं नाही. अंथरूण उकळा. पावडर पुन्हा नको, नशीब म्हणून वाचली."

मी उठले. ते म्हणाले, "आता बाह्या वर करा."

मी बाह्या आणखी खाली ओढल्या. म्हटलं, काही नाही, डास. त्यांनी स्वतःची बाही वर केली. तशाच पुटकुळ्या! "मला दर वर्षी होतात. कुत्र्याची कीड माणसाच्या अंगात फार टिकत नाही. ती बरी झाली की तुम्हीही. काय वाटलं होतं तुम्हाला?"

सांगितलं. पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं.

"महारोगाचा डाग बधिर असतो, बाई. त्याला खाज नसते. आणि असला तरी आता धुळ्याला गोळ्या मिळतात. माणसं बरी होतात."

भर बाजारात रडले. एका कांदेवालीनं पाणी दिलं.

घरी येऊन डॉक्टरांचा शब्द न् शब्द मोठ्यानं सांगितला, पलीकडे झुलालभाऊला ऐकू जाईल असा. अक्का तांदूळ निवडत होती. सूप तसंच टाकून आत गेली.

८ डिसेंबर

रंगी दुपारभर शांत झोपली. कानावर लव आलीय! माझी मनगटं सुकली. आज मुलींना जवळ बसवून वह्या तपासल्या. अक्का मात्र आठ दिवस बोलत नाही. दुखावली असेल.

९ डिसेंबर, रविवार

उद्या पहिल्या मोटारीनं धुळ्याला. अक्का आणि मी.

दुपारी तिनं माझ्या खोलीत येऊन आतून कडी लावली. लुगड्याचा पदर काढला, पाठ माझ्याकडे केली. तळहाताएवढा फिका डाग. "दोन वरीस व्हयनात. कोनले सांगं नही. मले आठे खाज येतच नही, बाई." मी डागावर बोट ठेवलं, दाबलं. ती वाट पाहत राहिली. मग म्हणाली, "घाबरू नको. लाव ना बोट."