नाव नसलेला दगड

मुसफ्फा, शुक्रवार संध्याकाळ

शेखसाहेब, आखातातल्या या देशाचे राजे, गेले. कित्येक वर्षं आजारी होते, आम्हाला दिसायचे ते फक्त रिसेप्शनवरच्या फोटोत. तरी बातमी आली तेव्हा ऑफिसात कुणी खुर्चीतून हलेना. आणि मी वेडी! वसईच्या सवयीने लगेच फुलवाल्याला फोन लावला, कंपनीच्या नावाने मोठं रीथ सांगून टाकलं. व्हिसाचं काम बघणारे आमचे अबू सालेम, इथलेच अरब, डोळे पुसत म्हणाले, "सिस्टर, कॅन्सल करो. हमारे में फूल नहीं, सिर्फ रेत."

घरी आल्यावर टीव्हीवर दफन बघितलं. घरच्याच पुरुषांनी खांद्यावरून आणलं, आपल्या हातांनी वाळू लोटली. आजूबाजूच्या कबरीही तशाच. एवढा मोठा राजा, आणि उशाशी एक साधा दगड. त्यावर नाव नाही. राहवेना म्हणून अबू सालेमना मेसेज केला, मग ओळखायचं कसं? उत्तर आलं, "जिसको पहचानना है, वो पहचानता है."



उद्यापर्यंत नवे शेख ठरतील म्हणतात. रिसेप्शनवरचा फोटो बदलेल. माझ्या डोळ्यांसमोरून मात्र तो दगड हलत नाही. नाव नाही म्हणजे अगदी काहीच नाही?

आणि मी महिनाभर ग्लेनशी भांडतेय. सख्खा भाऊ! वसईला पप्पांच्या कबरीवर संगमरवर बसवायचाय, त्यावर पप्पांच्या नावाखाली, बसवणारे म्हणून, आम्हा दोघांपैकी कुणाचं नाव आधी, यावरून.

आत्ताच त्याला कळवलं, आपली दोन्ही काढ. पप्पांचं राहू दे. तेही काढण्याएवढं धाडस माझ्यात नाही.