कोरडा कंप्रेसर

होसूर,
ता. ९ डिसेंबर २०२४

ती. शेफाली वहिनीस,

माऊलीचा नमस्कार. पायावर डोकं ठेवून असं लिहायचं होतं, पण तुमी पाय मागं घ्याल, म्हणून नुसताच लिहिला. मी हितं बरा हाय. तुमीही बऱ्या असाल असं पुढं लिहायची पद्धत हाय, त्याला हात होईना, तर ते सोडून देतो. किकवीला तुमच्या वडलांचा गुडघा कसा हाय? भात काढून झालं असंल. गुंजवण्यातलं आपलं भात यंदा दादानं एकट्यानं काढलं म्हणं.

तुमी माझा फोन उचलत न्हाई ते बरोबर हाय. उचलला असता तरी मी पाऊसपाण्याचं बोलून ठेवून दिला असता. आन् फोनवरचं बोलणं कुणाला दाखवता येत न्हाई. कागद दाखवता येतो. कशाला दाखवायचा ते पुढं लिहितो, जरा दम धरा. अक्षराला हसा. आठवीनंतर माझ्या हातात पाना आला तो आलाच, त्यात तुमची काय चूक न्हाई. आयटीआयचा फॉर्म तुमीच भरला होता. मीच पंधरा दिवसांत पळून आलो.

होसूर म्हणजे बंगळूरच्या पुढं, तामिळ मुलखात. शिरवळ, चाकण, कोल्हापूर, हुबळी झालं, आता हे पाचवं गॅरेज. तुमी म्हणायच्या, भावजी, तुमच्या पायाला भिंगरी बांधलीय का. अजून सुटली न्हाई.

हितली एक गोष्ट सांगतो. दोन महिन्यांपूर्वी गॅरेजात मोटारहोम आली. मोटारहोम म्हणजे घरच, खाली चाकं लावलेलं. आत दोन पलंग, गॅसची शेगडी, मोरी, भांड्यांना फडताळ. तुमच्या सृष्टीला आत बसवली तर उतरायची न्हाई. गाडी अमेरिकेत बनलेली, दादाच्या जन्माच्याही आदीची. मालक बंगळूरचे, नवरा-बायको दोघंही सत्तरीच्या पुढची. हिच्यातनं रामेश्वरला जायचं, वाटंत जिथं आवडंल तिथं राहायचं, असा त्यांचा बेत. बाई रोज गाडीत येऊन बसायच्या, पडदे शिवायच्या आन् मला दहीभात द्यायच्या.

या गाडीला मागं वजन तोलणारे लोखंडी पाटे न्हाईत. पाट्यांच्या जागी रबरी फुगे, त्यात हवा भरून गाडी उचललेली असती. हवा भरतो कंप्रेसर. तो मेला की फुगे बसतात आन् गाडी कुत्र्यागत मागनं ढुंगण टेकती. तशीच ओढून आणली होती. उस्तादानं, म्हणजे हितल्या मोठ्या मिस्त्रीनं, कंप्रेसर उघडला तर जळून कोळसा. मंग साबणाचं पाणी लावून फुगे बघितले. एका फुग्याला सुईएवढं भोक. तेवढ्या भोकापायी कंप्रेसर सारखा चालत राहिला आन् जळाला. फुगा बदलला, नवा कंप्रेसर अमेरिकेतनं मागवला, त्याला यायला पाच आठवडे लागले.

खोकं मी उघडलं. उस्ताद जेवायला गेला होता. कंप्रेसर हातात घेऊन बघितला तर आत कोरडा ठणठणीत. मला वाटलं, कारखान्यातनं तेल घालायचं राहिलं. ट्रकच्या कंप्रेसरला तेल लागतं हे मी शिरवळपासनं बघतोय. माझ्या शहाणपणानं तेल घातलं, बसवला, चालू केला. आवाज असा मऊ बसला की उस्ताद दात कोरत आला आन् म्हणाला, "क्या बात है, गाना गारा."

तो आवाज तुमच्या ओळखीचा हाय, वहिनी.

चार दिवस गाडी ताठ उभी होती. पाचव्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर परत ढुंगण टेकून बसलेली. कंप्रेसर मात्र चालूच. खडखड न्हाई, काय न्हाई, नुसता मऊ चालतोय.

कंप्रेसरच्या पुढं हवा सुकवायची एक डबी असती. उस्तादानं ती खोलून परातीत उपडी केली. आत साबुदाण्याएवढे पांढरे दाणे असतात. ते तपकिरी झाले होते, काकवीत घोळल्यागत चिकट.

"तेल किन्ने डाला रे?"

"मैंने. सूखा था उस्ताद."

"अरे सूखाइच रहता ना वो." मला वाटलं मारतोय, पण मारलं न्हाई. "दानों में तेल गया तो दाने मर गए. अब मशीन चलती रैंगी, आवाज करती रैंगी, काम जीरो."

मी परातीकडं बघत बसलो. उस्ताद दोनदा हाक मारून गेला, मला उठता येईना. तसले पांढरे दाणे मी आदी बघितले होते. मे महिन्यात, आपल्या पडवीत.

आता तुमच्या ध्यानात आलं असंल. तरी मी लिहितो, कारण हा कागद ज्यांच्या हातात जाईल त्यांना म्हाईत न्हाई.

आमच्या आप्पांनी, म्हणजे कोंडिबांनी, खडी क्रशरवर वीस वर्षं काढली. त्या धुळीनं छाती गेली. दादानं पुण्यातनं ऑक्सिजनचं जुनं मशीन आणलं, नाकात नळी लावून दिवसरात्र चालायचं. मी मे महिन्यात सुट्टीवर आलो तेव्हा ते खडखड करत होतं. तुमी म्हणाला, "भावजी, भोरच्या त्या मशीन दुरुस्तीवाल्या माणसाला बोलावू. हे गाडीचं मशीन न्हाई."

मी म्हणालो, "वहिनी, हवा ती हवा. गाडीची काय न् माणसाची काय."

मागच्या दोन नळकांड्यांतलं एक उघडून बघितलं, पांढरे दाणे दिसले, ह्याचं काय काम न्हाई म्हणून परत लावलं. खालचा कंप्रेसर खोलला, आत कोरडा. तुमच्या शिलाई मशीनच्या तेलाची बाटली मीच मागून घेतली. निम्मी घातली. आवाज मऊ झाला. आप्पा पडल्या पडल्या म्हणाले, "माझं पोरगं शिकलं न्हाई, पण हातात इद्या हाय." त्या दिवशी तुमी गुळवणी-पोळी केली होती, मी सात पोळ्या खाल्ल्या. त्या सात पोळ्या मला आता सारख्या आठवतात. माणसाला कशाचं काय आठवंल सांगता येत न्हाई.

हवेतनं ऑक्सिजन वेगळा काढायचं काम त्या दाण्यांचंच. म्हणजे वहिनी, मे महिन्यापासनं आप्पांच्या नाकात नुसती हवा जात होती. नळीच्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येत होते, मशीन गात होतं, आन् ऑक्सिजन न्हवता. तुमी वेल्ह्याला डॉक्टरकडं टेम्पोतनं दोनदा नेलंत, औषधं दिलीत, पाठ चोळलीत. त्याचा काय उपयोग होणार?

ऑगस्टात त्या सकाळी आप्पा तुमाला म्हणाले, "बंद कर ते, वासानं डोकं उठलंय, मला वट्यावर बसव." तुमी बंद केलं आन् राजगड दिसतो तिकडं तोंड करून बसवलं. तिथंच ते गेले. हे तुमी सगळ्यांना सांगत होता, कुणी ऐकलं न्हाई. धोंडाबाई आत्यानं बंद मशीन बघितलं आन् तिथनं सुरू केलं, लाईटबिलाच्या भ्यानं सुनंनं म्हाताऱ्याचा श्वास बंद केला. दादा गप बसला. मी गप बसलो न्हाई. "वहिनी, आप्पा जड झाले होते तर मला सांगायचं, मी नेलं असतं," असं मी भावकीसमोर ओरडलो. मी कुठं नेणार होतो? माझं झोपायचं गॅरेजातल्या टायरांवर.

परातीतले दाणे बघितल्यावर मी दादाला फोन केला. म्हणालो, मशीन माळ्यावरनं काढ, मागची नळकांडी खोल.

"आता कशाला?"

"खोल रं."

दोन दिवसांनी त्यानं फोटो पाठवला. पेपरवर ओतलेले दाणे, तपकिरी. खाली एक अक्षर न्हाई. मी लगेच फोन लावला. म्हणालो, "दादा, वहिनीला घेऊन ये. त्यांचं काय चुकलं न्हाई."

मागं आत्या कोंबड्या हाकलत होती तेवढं ऐकू येत होतं. मंग म्हणाला, "गावाला काय सांगू? सुनंनं न्हाई, पोरानं मारलं? एक डाग पडलाय तो पडलाय माऊली. दुसरा नको. तू तितंच ऱ्हा आन् गप बस."

"आन् वहिनी?"

"बापाकडं हाय ती. उपाशी न्हाई."

मी अजून काय बोलणार तवर फोन सृष्टीनं घेतला. म्हणाली, "काका, आई लाईट वाचवती म्हणून तिला हाकललं ना? मी लाईट चालूच ठेवती." मी फोन ठेवला. सहा वर्षांच्या पोरीला मी एक शब्द सांगू शकलो न्हाई.

हे तुमाला कळवू नये असं वाटत होतं. दादाचं बोलणं वाचून तुमचा उरलासुरला जीव त्या घरातनं उडंल. पण अर्धं खरं लिहिलं तर परत तेच झालं.

मोटारहोमवाल्या बाईंना उस्तादानं सांगितलं, ह्याच्या हातनं कंप्रेसर गेला, रामेश्वर लांबलं. त्यांनी मला बोलावलं, विचारलं, "तुला म्हाईत न्हवतं ना? मंग झालं." आन् दहीभाताचा डबा हातात दिला. मी गाडीमागं जाऊन रडलो. त्यांना वाटलं बोलणी न खाता सुटलो म्हणून रडतोय.

तेलाचं मला म्हाईत न्हवतं. आईशप्पत न्हवतं. पण एक म्हाईत होतं, आन् ह्या कागदाची पहिली तीन पानं मी त्याच्या बाजूबाजूनं फिरलो.

जून महिना होता. तुमचा फोन आला तेव्हा मी एका ट्रकखाली होतो, हात काळे. तुमी म्हणाला, "भावजी, मशीनवर पिवळा दिवा लागलाय, जातच न्हाई. पुस्तकात लिहिलंय, दिवा लागला तर माणूस बोलवा. वासही येतोय." मी म्हणालो, "आवाज चांगला हाय ना? मंग झालं. दिव्याचं वायरिंग गेलं असंल. डोळ्याला खुपत असंल तर वर टिकली लावा."

तुमी हसला. म्हणाला, "आता मशीनला कुंकू लावू का?"

"लावा की, सौभाग्यवती हुईल."

आपण दोघं हसलो. आन् तुमी लावली. मरून रंगाची.

दहाव्यानंतर पडवीत सगळे बसले होते तेव्हा आत्यानं मशीन पुढं ओढलं. टिकलीवर बोट ठेवून म्हणाली, "बघा, धोक्याचा दिवा झाकून ठेवला हिनं. हिच्या कपाळाची टिकली हाय." तुमी म्हणाला, "भावजींनी सांगितलं होतं." सगळे माझ्याकडं बघायला लागले. दादा पण. तुमी तर अशा बघत होता, जशी आता मी बोलणार आन् सगळं मिटणार.

मी म्हणालो, "मी? मी असलं कशाला सांगीन?"

त्याच्यानंतर तुमी पिशवी भरली, सृष्टीला आत्यानं धरून ठेवली, तुमी किकवीच्या ST ला गेला. मी वट्यावर होतो. माझ्यासमोरनं गेला.

मला काय भ्या होतं ते अजून कळत न्हाई. मला कुणी मारणार न्हवतं. नुसतं सगळे बघत होते. तेवढ्यासाठी.

आता मोटारहोम मागनं ओंडक्यांवर उभी हाय, दुसरा कंप्रेसर अमेरिकेतनं निघालाय. मी बोचकं बांधून ठेवलं होतं, नेहमीचं. उस्ताद म्हणाला, दूसरा भी तूइच बिठाना. म्हणून थांबलोय. आला की कोरडाच बसवीन. एक तरी काम तसं होईल. त्यानं आप्पा येत न्हाईत आन् तुमचं घरही परत लागत न्हाई. हे लिहून मी काय मिळवलं तेही कळत न्हाई. रात्री बरं वाटंल म्हणून लिहिलं न्हाई, बरं वाटतही न्हाई.

हा कागद तुमचा. दादाला दाखवा, आत्याच्या तोंडावर वाचा, भोरला वकिलाला द्या, सृष्टीचा ताबा मागायला कागद लागला तर हाच पुढं करा. परत नांदायला जायचं का न्हाई ते मी कोण सांगणार? सोबत दाण्यांचा फोटो छापून ठेवलाय. कुणी मला बोलावलं तर येऊन हेच बोलीन. पण नुसतं येतो म्हणून लिहीत न्हाई, माझ्या 'येतो'ला काय अर्थ उरलाय ते तुमाला म्हाईत हाय.

सृष्टीला भेटलात तर एवढंच सांगा, रात्री लाईट बंद करून झोपत जा.

शेवटी मी 'तुमचा लाडका भावजी' लिहायचो. आज पुरं नाव लिहितो, सरकारी कागदावर लिहितात तसं.

तेल मी घातलं. टिकली मी लावायला सांगितली. वहिनी खोटं बोलल्या न्हाईत, मी बोललो.

माऊली कोंडिबा रसाळ
मु. गुंजवणे